दिवाळे आणि मोटारींचा कारखाना

दिवाळे निघाल्याची जाहीर खूण म्हणून व्यापारी पूर्वी आपल्या पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवीत, आणि त्यावरूनच हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. दिवा लागला की व्यवहार संपला. आधुनिक कायद्यातील दिवाळखोरीचा अर्थ मात्र नेहमीच असा नसतो. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्स ही अमेरिकेतील सर्वांत मोठी मोटार-कंपनी न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली. तेव्हा तिची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलरची होती आणि देणे सुमारे १७३ अब्ज डॉलरचे. तरीही त्या दिवशी तिच्या मोटारींची विक्री चालूच होती.

ही अवस्था एका वर्षात आली नव्हती. निवृत्त कामगारांच्या औषधोपचाराचा भार दशकानुदशके साचत होता आणि जपानी मोटारींनी बाजारपेठ व्यापली होती. त्यातच २००८ चे आर्थिक अरिष्ट कोसळले. २००७ साली अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख मोटारी खपल्या होत्या. २००९ साली हा आकडा १ कोटी ४ लाखांवर आला.

न्यायालयात जाण्यापूर्वी कंपनीने धनकोंशी तडजोड करून पाहिली. तिच्या कर्जरोख्यांचे सुमारे २७ अब्ज डॉलरचे देणे विनातारण होते. दर हजार डॉलरच्या कर्जामागे २२५ समभाग घ्या आणि कर्ज सोडून द्या, असा हा प्रस्ताव होता. त्यातून सर्व रोखेधारकांना मिळून कंपनीचा केवळ दहावा हिस्सा मिळाला असता. नव्वद टक्के रोख्यांची संमती हवी होती. ती मिळाली नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. इतरांनी सूट द्यावी, कंपनी वाचावी आणि आपले मात्र पुरते वसूल व्हावे, असे प्रत्येक धनकोला वाटते. सगळेच असा विचार करू लागले की समेट अशक्य होतो आणि मग न्यायालयावाचून गत्यंतर उरत नाही.

न्यायालयात जो मार्ग निवडला गेला, तो वरकरणी साध्या विक्रीचा होता. चांगले कारखाने, नाममुद्रा आणि यंत्रसामग्री एका नव्या कंपनीने विकत घेतली. जुने देणे, बंद कारखाने आणि दावे जुन्या कंपनीत राहिले. १० जुलै २००९ रोजी, म्हणजे अवघ्या चाळीस दिवसांत, नवी कंपनी उभी राहिली. तिचा ६०.८ टक्के हिस्सा अमेरिकन सरकारकडे, ११.७ टक्के कॅनडातील सरकारांकडे, १७.५ टक्के निवृत्त कामगारांच्या आरोग्य-न्यासाकडे आणि १० टक्के जुन्या कंपनीकडे, म्हणजे पर्यायाने तिच्या धनकोंकडे, गेला.

वादाचे मूळ येथेच आहे. न्यासाचे येणे सुमारे २० अब्ज डॉलर होते, म्हणजे रोखेधारकांपेक्षा कमी, आणि तेही विनातारणच. मग त्याला अधिक का मिळावे? पैसा सरकारचा होता आणि नव्या कंपनीला कामगारांवाचून चालणार नव्हते, हे त्याचे उत्तर. दुसरा ग्राहक नव्हता. विक्री झाली नसती तर रोखेधारकांच्या हाती काहीच पडले नसते, हे न्यायमूर्ती रॉबर्ट गर्बर यांनीही मान्य केले. व्यवहार म्हणून हे उत्तर बिनतोड आहे. परंतु रोखेधारकांत बड्या संस्थांप्रमाणेच आयुष्यभराची पुंजी गुंतविलेले वृद्धही होते, आणि त्यांना त्यातून न्याय मिळाल्याचे समाधान होणे कठीण होते. कामगारांची सरशी झाली, असेही म्हणवत नाही. अनेक कारखाने बंद झाले, पाँटिअॅकसारखी जुनी नाममुद्रा कायमची गेली, आणि नव्याने भरती होणाऱ्यांना जुन्या सहकाऱ्यांपेक्षा बरेच कमी वेतन मिळू लागले.

सरकारने कंपनीत सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याने आपला शेवटचा समभाग विकला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३९ अब्ज परत आले होते.

रांगेत सर्वांत मागे उभे होते ते सदोष मोटारींमुळे जखमी झालेले लोक. विक्रीनंतरच्या अपघातांची जबाबदारी नव्या कंपनीने पत्करली. आधीच्या अपघातांचे दावे जुन्या कंपनीच्या विनातारण देण्यांत जमा झाले. मोटार तीच, दोषही तोच. पण अपघात ९ जुलैचा असेल तर दावा जुन्या कंपनीवर आणि ११ जुलैचा असेल तर नव्या.