आईवडील कामासाठी दूर जाणार असतील तर मुलासाठी निवासी शाळा कशी निवडावी?



'आम्ही बाहेर चाललोय, पोराला कुठं ठेवायचं?' हा प्रश्न दोन प्रकारचे पालक विचारतात. एक, नोकरीसाठी आखातात किंवा आणखी लांब परदेशात जाणारे. दुसरे, आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारे. पहिल्यांसाठी माहितीपत्रकं, वेबसाइट, सल्लागार सगळं असतं. दुसऱ्यांना सांगायला बहुतेक वेळा आपण शिक्षकच असतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. पण मूल मागे ठेवून जाणाऱ्या कोणत्याही आईबापाला यातले प्रश्न लागू पडतील.

निर्णयाची वेळ जूनमध्ये असते

भट्टीचं वर्ष आणि शाळेचं वर्ष जुळत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात पैसा नसतो, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते. शेतीची कामं उरकली, दिवाळी झाली की कुटुंब निघतं आणि मेअखेर, पावसाच्या तोंडावर परततं. शाळेतला प्रवेश मात्र जूनमध्ये होतो. त्या वेळी सगळे घरी असतात आणि दिवाळी लांब वाटते. मग नोव्हेंबर उजाडतो, टेम्पो पाड्यावर येतो आणि मूल सामानाबरोबर त्यात बसतं. भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतंच, आणि ते काम बहुतेक मोठ्या मुलीच्या वाट्याला येतं.

जी मुलं आश्रमशाळेत आहेत त्यांचाही धोका तिथंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येतं, घर भट्टीवर निघालेलं असतं, आणि तेही जातं. हजेरीपटावर आधी खाडे दिसतात, नंतर नाव नुसतं पटावर राहतं. म्हणून शाळा निवडताना सुट्टीत मूल कुठं जाणार, त्याला कोण आणणार आणि परत कोण पोचवणार, हे आधी ठरवा. याचं उत्तर नसेल तर चांगली शाळाही त्या मुलाला पुरी पडत नाही.

पर्याय कोणते?

१. आजी-आजोबा आणि गावातली शाळा. घरी धडधाकट आजी असेल तर पहिली-दुसरीच्या मुलासाठी हा पर्याय मला सर्वांत बरा वाटतो. स्थलांतराच्या महिन्यांत अशा मुलांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना समग्र शिक्षातून राबवली जाते. मूल आपल्याच शाळेत, आपल्याच भाषेत राहतं. आपल्या गावासाठी ती मिळू शकते का, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने गटशिक्षण कार्यालयात वेळेत विचारायला हवं.

२. आश्रमशाळा. मुंबई राज्याच्या काळात, १९५३-५४ पासून, स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान मिळू लागलं. १९७२-७३ पासून शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. आपल्याकडच्या आश्रमशाळा शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. पहिलीपासून प्रवेश आहे. राहणं, जेवण, शिक्षण मोफत आहे.

३. एकलव्य निवासी शाळा. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी सहावी ते बारावी. केंद्र शासनाची ही योजना १९९७-९८ साली सुरू झाली. पूर्ण शाळेत ४८० मुलं, त्यांत निम्म्या मुली. प्रवेश परीक्षेने होतो.

४. जवाहर नवोदय विद्यालय. हेही सहावीपासून, परीक्षा देऊन. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण एक अट पालकांना चौथी-पाचवीत नव्हे, दुसरीतच सांगायला हवी. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. हुशार मूलसुद्धा मधल्या खाड्यांमुळे इथं अडकू शकतं.

५. मुलाला सोबत नेणं. हाही पर्याय आहे, आणि तो निवडणाऱ्या आईला कमी लेखू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही. निघण्यापूर्वी आपल्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या आणि भट्टीजवळच्या शाळेत दाखवा. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने तर भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या होत्या. भोंगा म्हणजे मजुरांचं भट्टीवरचं खोपट. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, हा विचार आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला नवा नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा

इमारत आणि फलक बघून परत येऊ नका. हे प्रश्न विचारा.

रात्री कोण असतं? अधीक्षक आणि मुलींसाठी अधीक्षिका आवारातच राहतात का? रात्री पोटात दुखलं तर मुलाने कुणाचं दार वाजवायचं? ते दार मुलाला प्रत्यक्ष दाखवून घ्या.

आजारी पडलं तर? जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, गाडी कुणाची, तुम्हाला कधी कळवणार? मुलं जमिनीवर झोपतात की पलंगावर, हेही बघा. मण्यारसारखा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुधा चावतो.

मार्चमध्ये पाणी कुठून येतं? तानसा, भातसा याच तालुक्यात असूनही इथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी आटलं की आधी शौचालयं बंद पडतात, आणि त्याचा त्रास मोठ्या मुलींना सर्वांत जास्त होतो.

घरची बोली कुणाला कळते? कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला प्रमाण मराठी निम्मीच समजते. एखादे गुरुजी, स्वयंपाकाच्या मावशी किंवा आपल्याच पाड्यावरची मोठी मुलगी तिथं असेल तर पहिला महिना निभावतो.

फोन कधी? आठवड्यातला वार आणि वेळ ठरवून घ्या. भट्टीवर एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याचा असावा, म्हणून दोन नंबर शाळेत द्या. एक गावातल्या नातेवाइकाचाही द्या. आणि ते मुलाकडून पाठ करून घ्या. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही पाठ हवा.

परदेशी जाणाऱ्यांनी यात एकच भर घालावी. इथल्या एका माणसाचं नाव लेखी पालक म्हणून शाळेत द्यावं. तो काही तासांत शाळेत पोचू शकेल असा हवा. मुलाला तो आवडणारा हवा, हे त्याहून महत्त्वाचं.

मूल आपणहून सांगेल, असं धरू नका

रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. वडील इथल्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. १८७१ मध्ये, सहा वर्षांचाही नसताना, त्याला आणि धाकट्या बहिणीला आईवडिलांनी इंग्लंडमध्ये साउथसी इथं एका कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवलं आणि ते परतले. तिथं त्याचा जवळजवळ सहा वर्षं छळ झाला. दर डिसेंबरला तो मावशीकडे महिनाभर जात असे आणि तिथं सुखात असे. तरी तिलाही त्याने काही सांगितलं नाही. मोठेपणी त्याने याचं कारण लिहिलं: लहान मुलांना वाटतं की जे वाट्याला आलंय ते असंच असायचं.

आपली मुलंही अशीच असतात. फोनवर 'बरा आहेस ना?' विचारलं की 'हो' येतं. त्यापेक्षा 'काल रात्री शेजारी कोण झोपलं होतं? भाजी कसली होती? कुणाशी भांडलास?' असं विचारा. उत्तरं तुटक झाली, रडू थांबत नसेल, एखाद्या माणसाचं नाव निघताच मूल गप्प होत असेल, तर कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन भेटा. मारहाण आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंद आहे. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर प्रकल्प कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

शिक्षकांनी काय करावं?

जूनमध्येच वर्गातल्या कोणत्या घरातून लोक भट्टीवर जातात, याची यादी करा. ऑगस्ट-सप्टेंबरात, उचल घेण्याच्या दिवसांत, त्या घरी एक चक्कर मारा आणि मुलाचं काय ठरलंय ते विचारा. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलासमोर तीन गोष्टी लिहून ठेवा: सुट्टीत कुठं, कुणाकडे, परत कोण आणणार. शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी जे आलं नसेल त्याच्या घरच्यांना फोन करा. टेम्पो नुकताच गेलेला असतो, तेव्हा मुलाला परत आणणं किंवा भट्टीजवळच्या शाळेत त्याचं नाव घालणं जमतं. पुढे मुलालाच भट्टीची सवय लागते, आणि मग फार उशीर होतो.