भरलेला पेन गळत नाही

शालान्त परीक्षा मार्चमध्ये, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आणि तोवर जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीपार गेलेला. हे वेळापत्रक ज्याने ठरवले, त्याच्या डोळ्यांसमोर ड्रॉपरने भरायचा शाईचा पेन नक्कीच नव्हता. या पेनाचे पोट म्हणजे नुसती पोकळ नळी. आत ना रबरी पिशवी, ना दट्ट्या. शाई संपत येते तशी रिकाम्या जागेत हवा साठते. हाताच्या उबेने ती फुगते, शाईला निबेकडे रेटते आणि उत्तरपत्रिकेवर टपकन डाग पडतो. म्हणजे शाई जितकी कमी, तितके गळणे जास्त. पोरांचा हिशेब नेमका उलटा असे. सांडायला नको म्हणून ती परीक्षेला अर्धाच पेन भरून नेत आणि तासाभरात मागच्या बाकावरून अहिराणीत हाक येई, ‘मना पेन गळी ऱ्हायना!’

अमेरिकेत वॉटरमन या पेनवाल्याने १८८४ मध्ये निबेखालच्या जिभेला खाचा पाडून शाई-हवेची ये-जा ताब्यात आणली. १९०८ मध्ये शेफरने तरफ ओढून भरायच्या पेनाचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत पश्चिमेने ड्रॉपर बाजूला ठेवला. आपल्याकडे तो आणखी पाऊणशे वर्षे टिकला. स्वस्त होता म्हणून, असे सगळे सांगतात. ते खरे, पण अर्धे. रबरी पिशवी आमच्या उन्हाळ्यात कधी चिकट होई, कधी तडके. ड्रॉपरच्या पेनात बिघडण्यासारखे होतेच काय? निब गेली तर निब बदलायची, जीभ तुंबली तर कोमट पाण्यात टाकायची.

सुरुवातीला मात्र राज्य टाक-दौतीचे. १९३१ मध्ये गिरगावात दिगंबर आणि गोविंद दांडेकर या भावांनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या; पुढे त्यांचीच ‘कॅमल’ शाई घरोघर पोचली. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, म्हणजे ऐन उन्हाळाभर, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. खान्देशात झालेले सर्वांत मोलाचे लेखनिकाचे काम हेच, असे मी तरी मानतो.

स्वातंत्र्यानंतर एअरमेल, विल्सन असले मुंबईचे पेन खिशाला लागले आणि भरण्याचा सोहळा घरोघर सुरू झाला. निबेचा भाग फिरवून काढायचा, हात मोकळा हवा म्हणून दातांत धरायचा (ओठ निळे), ड्रॉपरने शाई सोडायची, आटे फडक्याने पुसायचे. आट्यांतून पाझरत असेल तर दोऱ्याचा एखादा वेढा किंवा मेणाचा हात. उरलेली शाई केसांना. डाग पडला आणि टीपकागद नसला, तर खडू. ‘चार थेंब दे ना भो’ म्हणणाऱ्याला थेंब मोजून मिळत आणि परतफेडही मोजूनच होई. अक्षर बिघडते म्हणून मास्तर बॉलपेनला हात लावू देत नसत. त्यांचे म्हणणे मला आजही पुरते पटलेले नाही. कोंबडीचे पाय निबेनेही उमटत.

मग निळ्या टोपणाचा पांढरा रेनॉल्ड्स बॉलपेन आला. ना भरणे, ना गळणे. मास्तरांचा विरोधही फार टिकला नाही.

गंमत म्हणजे, स्वदेशीच्या चळवळीत नाव झालेल्या राजमहेंद्रीच्या रत्नमसारखे हाताने घडवलेले एबोनाइटचे पेन आता परदेशातले शौकीन मागवतात आणि तेही मुद्दाम ड्रॉपरनेच भरायचे. कारण साधे आहे. आजच्या पेनात बसवायच्या शाईच्या नळीत, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये, जेमतेम मिलिलिटरभर शाई मावते, यात दोन-तीन मिलिलिटर सहज. मेणाची जागा सिलिकॉन ग्रीसने घेतली आहे. ड्रॉपर हाताशी नसेल तर औषधाच्या दुकानातली सुई काढलेली सिरिंज चालते, उलट थेंब नेमका पडतो. फक्त एप्रिल-मेमध्ये जळगावला निघालात, तर पेन काठोकाठ भरून न्या, नाहीतर साफ रिकामा.