बिडाची भेग

मेस्त्रींनी हेड साखळीला टांगलं आणि छोट्या हातोडीनं त्याच्या कडेला हलकेच ठोकलं. आवाज बद्द आला, चिरलेल्या मडक्याचा यावा तसा. मग कोपऱ्यातलं दुसरं, चांगलं हेड टांगून तसंच ठोकलं. ते मोकळं वाजलं आणि त्याचा नाद थोडा वेळ गाळ्यात रेंगाळला. “बाजारात मडकं वाजवून घेता का न्हाई? बीडबी तसंच बोलतंय,” ते म्हणाले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला हा गाळा. दाराशी लेथ, आत फेसिंगचं मशीन, मागे पाण्याची लोखंडी टाकी, आणि भिंतीला ओळीनं लावून ठेवलेली हेडं : ट्रॅक्टरची, ट्रकची, विहिरीवरच्या इंजिनांची. आमच्या ट्रॅक्टरचं हेड घेऊन मी गेलो होतो आणि डोक्यात एकच प्रश्न होता, दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? मेस्त्रींनी त्याचं उत्तर दीड दिवस दिलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, “रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?”

मी म्हणालो, विहिरीचं. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या क्षारपड जमिनी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत आणि विहिरीचं पाणी त्या जमिनीच्याच जातीचं. मेस्त्रींनी मान हलवली आणि हेड कॉस्टिकच्या टाकीत सोडलं.

इंजिनाच्या सगळ्या भागांत मला हेडबद्दल विशेष आदर वाटतो. पिस्टन धावतो, क्रँक फिरतो, सिलिंडरांवर झाकणासारखं बसलेलं हेड मात्र जागचं हलत नाही आणि सगळं सोसतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा सोळा ते बावीस पटींनी दाबायची, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या किर्लोस्कर एव्ही-१ इंजिनात हे प्रमाण साडेसोळास एक आहे. टाटांचं ६९७ इंजिन घ्या. नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर आहे. एवढ्या बोअरवर दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोचा दाब आला तर एका स्फोटात हेडवर जवळपास ६ टनांचा धक्का बसतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधून असे ७५० धक्के एका मिनिटात. आणि या हेडला एक बाजू आगीची, तर काही मिलिमीटरवर दुसरी बाजू पाण्याची.

तरी बिडाचं हेड धक्क्यानं सहसा फुटत नाही, ते उष्णतेनं तडकतं. एक्झॉस्ट आणि इनलेट वॉल्व्हच्या मध्ये बिडाची एक चिंचोळी पट्टी असते. मेस्त्री तिला ‘बांध’ म्हणतात, आणि शेतकऱ्याला याहून चांगला शब्द सांगायची गरज नाही. हा बांध तापला की फुगू पाहतो, पण भोवतालचं गार बीड त्याला फुगू देत नाही. मग तो जागच्या जागी दबतो, चेपतो. बीड दाब उत्तम सोसतं. पण इंजिन बंद झालं, बांध निवला, की चेपलेलं बीड आखडतं आणि आता त्याला चहूकडून ओढ बसते. ओढीच्या बाबतीत बीड फार दुबळं. त्याच्यात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि प्रत्येक पाकळी म्हणजे भेगेला तयार वाट. म्हणून हेड तापलेलं असताना जेवढं मोडत नाही, तेवढं गार होताना मोडतं.

आमच्याकडे हेच झालं. मे महिन्यातली नांगरट, दुपारची वेळ. काट्यानं लाल पट्टी गाठली, रेडिएटर उसळला. ट्रॅक्टर थांबवला तो मीच, आणि घाईनं बांधावरची कळशी उचलून गार पाणी ओतलं तेही मीच. त्या दिवशी ट्रॅक्टर चालू झाला, घरी आला. आठवड्याभरानं रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं तर पाण्यात बुडबुडे. झाकण लावलं तर वरचा होज पाच मिनिटांत दगडासारखा टणक. डिपस्टिक काढली तर तिच्यावर ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी. इंजिन तसंच चालवत राहिलो असतो तर सिलिंडरमध्ये पाणी साचून कनेक्टिंग रॉड वाकला असता. पाणी दाबलं जात नाही; पिस्टन वर येतो आणि काहीतरी मोडतंच.

दुसऱ्या दिवशी हेड धुऊन, घासून टेबलावर आलं. मेस्त्रींनी तळावर लाल डाय फवारला, पंधरा मिनिटं थांबले. मग फडक्यानं पुसून स्वच्छ केलं आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, केसासारखी, जरा वाकडी. मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून निघून नोझलच्या भोकापर्यंत. मी तोवर ती भेग डोळ्यांनी शोधत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

भेग दिसली, पण ती पाण्यापर्यंत गेली आहे का, हे डाय सांगत नाही. त्यासाठी मागची टाकी. हेडच्या पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद केल्या, एका वाटेतून तीनेक किलो दाबाची हवा सोडली आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास. गार पाण्यात टेस्टिंग करून ‘पास’ म्हणून हेड परत देणारेही आहेत. पण कित्येक भेगा गार असताना मिटलेल्या असतात आणि इंजिन तापल्यावरच तोंड उघडतात. सात-आठ मिनिटांनी नोझलच्या भोकातून बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खडूनं त्या जागी गोल केला.

भेगेच्या लांबीला लोक घाबरतात, पण खरं महत्त्व तिच्या जागेला आहे. नुसत्या बांधावरची, पाण्यापर्यंत न गेलेली आखूड भेग घेऊन कितीतरी इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. फोक्सवॅगनच्या जुन्या डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये वॉल्व्ह सीटच्या मधली भेग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत रुंद असेल तर हेड पुन्हा वापरायला परवानगी होती. बाहेरच्या वॉटर जॅकेटची भेग दिसायला भयंकर, पाणी ठिबकतं, मालक धास्तावतो. दुरुस्तीला मात्र ती सगळ्यांत सोपी, कारण तिथे ना आग असते ना स्फोट. बोल्टाच्या भोकातून निघालेली भेग वाईट. सीटमधून नोझलकडे जाऊन पाण्याला भिडलेली, म्हणजे आमची, ती सगळ्यांत वाईट.

दुरुस्तीच्या वाटा तीन, आणि त्यात मेस्त्रींची आवड उघड आहे. नुसतं वेल्डिंग त्यांना आवडत नाही. साध्या पोलादात कार्बन टक्क्याच्या पाव भागाइतका, बिडात तीन-साडेतीन टक्के. वेल्डिंगनं वितळून ते झटकन गार झालं, की टाक्याच्या कडेला काचेसारखं कडक बीड तयार होतं आणि नवी भेग जुनीच्या शेजारून जाते. त्यासाठी निकेलचा रॉड वापरतात. इंचभर टाका घालायचा, गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीनं ठोकून पसरायचा, म्हणजे आखडताना तो शेजारच्या बिडाला ओढत नाही. हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग पुढचा इंच. दुसरी वाट भट्टीची. सगळं हेड सहाशे अंशांच्या आसपास तापवून बिडाच्याच रॉडनं गॅसवर भरायचं आणि कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून ठेवायचं, रात्रभर, कधी त्याहून जास्त. काम उत्तम होतं, पण हेड वाकतं, सीटा-गाईड सगळं नव्यानं करावं लागतं.

तिसरी वाट टाक्यांची, आणि ती बघत मी पाऊण तास उभा होतो. बाकावर एका ट्रकचं हेड होतं, जॅकेटला वीतभर भेग. मेस्त्रींच्या मुलानं भेगेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून तिची पुढची वाट बंद केली. मग भेगेवर एक भोक, आटे, त्यात पिन पिळून बसवली, डोकं कापलं. पुढचं भोक असं की ते आधीच्या पिनेचाही थोडा भाग खाईल. पुन्हा आटे, पुन्हा पिन. अशा एकमेकीत अडकलेल्या पिनांची साखळी, आणि भेग फाकू नये म्हणून मध्ये मध्ये आडव्या पट्ट्या. शेवटी ठोकून, ग्राइंडर फिरवून सपाट. उष्णतेचा संबंधच नाही. १९३०च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रात, जिथे ठिणगी म्हणजे आग, तिथे ही रीत वाढली. गोधडीला टाके घालणाऱ्या हातांची सफाई मला त्या पोराच्या हातात दिसली.

मग आमच्या हेडला का नाही? मेस्त्रींनी व्हर्नियर लावून दाखवलं. हेड आधी दोनदा फेसिंग झालेलं, उंची किमान मापाच्या काठावर. आणखी घासलं तर नोझल खाली जास्त डोकावणार, वॉल्व्ह पिस्टनला भिडायची भीती. नोझलजवळ बीड इतकं कमी की पिनांना धरायला जागा नाही. “पाण्याच्या पंपाचं इंजिन असतं तर केलं असतं,” ते म्हणाले. “तुमी याला नांगराला जुंपणार. नवं घ्या.” दुरुस्ती नव्या हेडच्या निम्म्यापुढे गेली की ते दुरुस्तीचं नाव काढत नाहीत. शिवाय गॅस्केट, ऑइल, उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते, आणि हेड दुसऱ्यांदा तडकलं तर ती दुसऱ्यांदा पडते. हातातलं काम नाकारणारा कारागीर मला नेहमीच जास्त विश्वासाचा वाटला आहे.

पण नवं म्हणजे कुठलंही नवं नव्हे, हेही त्यांनी बजावलं. ओतताना आतला वाळूचा गाभा जरा सरकला की जॅकेटची एक भिंत जाड, दुसरी पातळ होते आणि बाहेरून काही कळत नाही. अशा स्वस्त हेडपेक्षा चांगल्या ओताचं, टाके घातलेलं जुनं हेड परवडतं. हे शहर ओतकामाचं आहे, इथे हा फरक जाणणारी माणसं आहेत. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यानं १९३०च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं, १९४६मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि उद्यमनगरात वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री शेळके यांच्या पिढीनं इंजिन खोलून बघत बघत कारखाने उभे केले. त्या इंजिनांनी विहिरी उपसल्या, गुऱ्हाळं चालवली. ती चालू ठेवायला असे गाळे लागले.

इंजिनाची रचनाही निर्णय बदलते. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोला सोळा सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र हेड. एक तडकलं तर राखीव हेड चढवायचं आणि तडकलेल्याचा विचार निवांत करायचा. कमिन्सच्या एनटी-८५५ला दोन सिलिंडरमागे एक, अशी तीन हेडं. आमच्या ट्रॅक्टरला तिन्ही सिलिंडरना मिळून एकच. एका बांधाची भेग, पण बाद होतं ते सगळं हेड.

नवं हेड आणलं. मेस्त्रींनी ते आधी टाकीत बुडवून तपासलं, मगच हातात घेतलं. आणि ते चढवायच्या आधी रेडिएटर मागितला. खालची टाकी सोडवून त्यांनी नळ्यांत बारीक सळई घातली. निम्म्याहून जास्त नळ्यांत ती जाईना. पांढरा, टणक क्षार. जुन्या हेडच्या जॅकेटमध्येही, बांधाच्या मागच्या बाजूला, तोच थर. तिथून उष्णता पाण्यापर्यंत पोचणार कशी? कधीतरी कोणीतरी काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटची रिकामी जागाही त्यांनी दाखवली.

खरडून काढलेला क्षार त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला, चिमूटभर माझ्या तळहातावर दिला. सळई पुसून नवा थर्मोस्टॅट बसवला आणि कूलंटचा कॅन पुढे सरकवत म्हणाले, “विहीर हाय ती उसाला राहू द्या.”