पावती कुणाकडे आहे?

13 जानेवारी 2024. कतारमधल्या अल रय्यानचं अहमद बिन अली स्टेडियम. आशियाई चषक, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आपण 0–2 असे हरलो, ते सोडा. नजर जरा गॅलरीकडे वळवा. 35 हजारांवर प्रेक्षक आणि जिकडे पाहावं तिकडे निळ्या जर्सी! दोहाला पश्चिमेकडून खेटलेल्या या वाळवंटी शहरात एवढे भारतीय आले कुठून?

आणि नुसते प्रेक्षकच नव्हेत. ज्या गॅलरीत ते बसले होते, ती उभारणाऱ्या जोडगोळीत कतारच्या अल बलाघ कंपनीबरोबर होती आपल्या मुंबईची लार्सन अँड टुब्रो. कतारची लोकसंख्या तीसेक लाख, त्यांत भारतीयच सुमारे 8 लाख. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गोष्टीत कुठे ना कुठे एक माणूस असतो. कागदावर तो ‘रिक्रूटमेंट कन्सल्टंट’, गावात नुसता ‘एजंट’. एका घरात त्याच्या नावानं पेढे वाटतात, शेजारच्या घरात बोटं मोडतात. माणूस मात्र तोच! हे कसं काय?

चला, हे यंत्र खोलून बघू.

मुंबईहून दोहाला जाणारं विमान. खिडकीशी एक प्रोजेक्ट मॅनेजर, बाजूला एक वेल्डर. दोघांनाही कुणीतरी शोधून कंपनीपर्यंत पोचवलंय. मॅनेजर शोधून दिल्याबद्दल कंपनीनं सल्लागाराला त्याच्या वर्षभराच्या पगाराचा पाचवा, कधी कधी तिसरा हिस्सासुद्धा मोजलेला असतो. मॅनेजरच्या खिशाला चाट शून्य. आणि वेल्डर? त्यानं बहुधा स्वतःच पैसे भरलेत, तेही व्याजानं काढून. म्हणजे जितका पगार कमी, तितकी नोकरी महाग! बाजारात कांदा विकायला नेणाऱ्याला पैसे मिळतात. इथे आपले हात विकायला निघालेलाच पैसे मोजतो.

असं का होतं? उत्तर एका कागदात आहे. त्याचं नाव ‘डिमांड लेटर’. कतारमधली कंपनी लिहून देते: इतके गवंडी हवेत, इतके स्टील फिक्सर, इतके वेल्डर. हा कागद हातात असलेला एजंट राजा. मग त्या कागदासाठीच चढाओढ लागते. कंपनीनं एजंटला पैसे द्यायचे, ते राहतं बाजूला. कित्येकदा एजंटच कागद मिळवायला तिकडच्या कुणाचा तरी हात ओला करतो. ही उलटी दलाली मग पायरी पायरीनं खाली घरंगळते आणि शेवटच्या पायरीवर कोण उभा असतो? खेडचा, म्हसळ्याचा, श्रीवर्धनचा पोरगा.

गंमत बघा, आपल्याकडे याची आरशातली प्रतिमाही आहे. बीडचा ऊसतोड मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आधी ‘उचल’ देतो. तिथे पैसा मजुराकडे येतो, आखाताच्या वाटेवर तो मजुराकडून जातो. दिशा उलट, पण गाठ एकच! दोन्हीकडे माणूस कामावर रुजू होतो तो कर्ज डोक्यावर घेऊनच. आणि कर्जवाला माणूस काम सहजी सोडत नाही.

कायदा कुठे आहे? आहे की, आणि तोही दोन तोंडांचा. कतारचा 2004 चा कामगार कायदा सांगतो की भरतीसाठी कामगाराकडून काहीही घ्यायचं नाही. भारताचे नियम म्हणतात, परवानाधारक एजंटानं 30 हजार रुपये अधिक जीएसटी घ्यावेत, त्यावर एक पैसाही नाही. म्हणजे एकाच विमानातला एकच माणूस उड्डाण करताना एका हिशेबात असतो आणि उतरताना दुसऱ्याच.

आता परदेशी नोकऱ्यांची एखादी जाहिरात जवळून पाहा. मुंबईत निव्वळ अशा जाहिरातींवर चालणारी वर्तमानपत्रं आहेत. चौकटीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘बी’नं सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो. त्यात ‘एमयूएम’ म्हणजे मुंबई, ‘पार्ट’ म्हणजे भागीदारीतली फर्म, ‘1000+’ म्हणजे हजारावर माणसं पाठवायची मुभा. ही त्या एजंटाची जन्मपत्रिकाच! या नंबरामागे सरकारकडे ठेवलेली 50 लाख रुपयांची बँक गॅरंटी असते. छोट्या एजंटांसाठी 8 लाखांची.

बँक गॅरंटी कशाला? 1970 साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिलं. गाडी खटारा आहे की चांगली, हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात खटारे चांगल्यांना हुसकावून लावतात. या विचाराला 2001 मध्ये नोबेल मिळालं. आपला एजंट तर अशी गाडी विकतो, जी समुद्रापलीकडे गेल्याशिवाय दिसतच नाही! तेव्हा सरकार म्हणतं, तुझा लौकिक मला मोजता येत नाही, तू 50 लाख ठेव. अब्रू गहाण टाकण्याची सरकारी पद्धत म्हणा ना.

पण गावातला पोरगा हा नंबर बघतो का? तो बघतो ओळखीचा चेहरा. मुंबईचं ऑफिस त्याला ओळखत नाही, तो ऑफिसला ओळखत नाही. दोघांनाही ओळखणारा एक असतो, सब-एजंट. कधी चुलत्याचा मित्र, कधी पूर्वी आखातात राहून आलेला शेजारी. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यात या माणसाला जागाच नाही, आणि सगळा विश्वास मात्र त्याच्यावर! त्याचं लायसन्स म्हणजे मागच्या खेपेला गेलेल्या पोराच्या घरावर चढलेला स्लॅब. पोरगा सुखरूप पोचला, पगार वेळेवर आला, की तो देवमाणूस. वरची साखळी फसली, की तोच चोर. पावती? ती मागणं म्हणजे घरच्या माणसावर अविश्वास!

या धंद्यात फक्त लबाडीच आहे, असं मात्र समजू नका. वेल्डरांची ‘सिक्स-जी’ ट्रेड टेस्ट एकदा बघाच. पाइप 45 अंशांत तिरपा, घट्ट बसवलेला. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. वरून, बाजूनं, आणि खालून डोक्यावर ठिणग्या झेलत. मग त्या सांध्याचा एक्स-रे काढतात, माणसाच्या छातीचा काढतात तसा! आत सुईएवढं छिद्र दिसलं तरी पंचाईत. असा हात हजारांतून हुडकायचा, मागणी आली की चटकन उभा करायचा, ही खरीच कारागिरी आहे. तिचा मोबदला कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न.

आणि या प्रश्नाचं एक भन्नाट उत्तर निघालं ते याच अल रय्यानसारख्या मैदानांवर. 2022 च्या विश्वचषकाची तयारी पाहणाऱ्या सुप्रीम कमिटीपुढे हा पेच होता. कामगारांनी एजंटांना पैसे दिलेत हे सगळ्यांना ठाऊक, पण पुरावा कुणाकडेच नाही. मग काय केलं? पुराव्याचं ओझंच उलटवलं! कामगारानं पावती दाखवायची नाही. आमच्या माणसांनी पैसे भरले नाहीत, हे कंत्राटदारानं दाखवायचं. दाखवता येत नसेल, तर पगारासोबत हप्त्याहप्त्यानं परत करायचे. कंत्राटदारांनी कबूल केलेली रक्कम 10 कोटी रियालांच्या वर गेली. खिशात चिठोरंही नसलेल्या माणसांना पैसे परत! कल्पना किती साधी. फक्त प्रश्न ज्याला विचारायचा, तो माणूस बदलला.

2019 पासून मुंबईत कतारचं व्हिसा केंद्र आहे. बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी आणि कराराची सही, सगळं विमानात बसण्याआधी. हातात पडणारा पगार करारात आधीच वाचता येतो. मार्च 2021 पासून कतारमध्ये किमान वेतन 1,000 रियाल आहे, राहण्या-जेवणाची सोय नसेल तर त्याचे 800 वेगळे.

तरीही पहिली पायरी अजून गावातच आहे, ओटीवर, चहाच्या कपासमोर. कुणी नोकरी घेऊन आलं, तर तो ‘बी’वाला नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून बघा. मग पैशांची गोष्ट निघाली, की शांतपणे विचारा, “भाऊ, पावती मिळेल ना?”

त्या क्षणी समोरचा चेहरा नीट बघून घ्या. एक्स-रेच तो!