प्राथमिक शाळेतील संगणक शिक्षण : यंत्रपरिचयाकडून विचारपरिचयाकडे
(गिरगाव ते लालबाग परिसरातील मराठी शाळांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

दक्षिण व मध्य मुंबईचा संगणकाशी असलेला संबंध जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. देशात अभिकल्पित व निर्मित झालेल्या आद्य संगणकांत त्याची गणना होते. त्याच संस्थेच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कार्याचा प्रारंभ १९७४ साली नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत झाला. ही दोन्ही स्थळे गिरगावपासून फार दूर नाहीत. असे असूनही गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत संगणकाच्या तासिकेला नेमके काय शिकवावे, हा प्रश्न अद्याप मोकळाच आहे.

या प्रश्नाला केवळ अभ्यासक्रमापुरते महत्त्व नाही. या परिसरातील मराठी शाळांची पटसंख्या घटत गेली, त्यामागील कारणांत 'संगणक म्हणजे इंग्रजी' हा पालकांचा समजही आहे. मराठी शाळेने संगणकाची तासिका यांत्रिकपणे उरकली, तर हा समज दृढ होतो. अर्थपूर्ण रीतीने वापरली, तर त्यास छेद जातो. लहान मुलांना संगणक शिकविताना यंत्राआधी विचार, इंग्रजी आज्ञांआधी मराठी अक्षर आणि पाहण्याआधी घडविणे असा क्रम असावा, हे प्रतिपादन प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. पार्श्वभूमी : वरून खाली आलेले शिक्षण

भारतातील शालेय संगणक शिक्षणाचा प्रारंभ १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पाने झाला. निवडक माध्यमिक शाळांना 'बीबीसी मायक्रो' जातीचे संगणक देण्यात आले. २००४ मध्ये केंद्र शासनाने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची शालेय योजना आणली. तिचाही भर माध्यमिक स्तरावर होता. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता घरोघरी पोहोचविली, मात्र तिचा शिकणारा मुख्यतः युवक व प्रौढ होता. बृहन्मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांत २०११ पासून आभासी वर्ग सुरू केले आणि २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कोडिंगशी निगडित उपक्रम मध्य स्तरावर, म्हणजे सहावीपासून सुचविले.

या सर्व उपक्रमांत पहिली ते पाचवीचे मूल अखेरच्या रांगेत राहिले. त्याच्या वाट्याला बहुधा वरच्या वर्गांच्या अभ्यासक्रमाची सोपी प्रत आली. संगणकाच्या भागांची नावे, मेनूतील पर्याय, लघुरूपांचे विस्तार आणि त्यांवरील प्रश्नोत्तरे हे तिचे स्वरूप होय. अशा माहितीचे आयुष्य अल्प असते. फाइल साठविण्याच्या बटनावर आजही अनेक ठिकाणी फ्लॉपीचे चित्र असते. ती वस्तू मात्र आजच्या मुलाने पाहिलेलीही नसते. नावे बदलतात, उपकरणे बदलतात, परंतु त्यांमागील विचार टिकतो. प्राथमिक स्तरावर हा विचारच शिकविणे अधिक लाभदायक आहे.

२. उपकरण दिले म्हणजे शिक्षण झाले का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा एक महत्त्वाचा प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात झाला. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पांतर्गत २००७ मध्ये खैराट-धनगरपाडा येथील एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती छोटे 'एक्सओ' संगणक देण्यात आले. लेखन, चित्रकला, छायाचित्रण व प्राथमिक आज्ञावली यांची सोय असलेले हे यंत्र मुलांच्या हाताळणीसाठीच बनविलेले होते. शाळा लहान आणि शिक्षक एकच, त्यामुळे यंत्र व दैनंदिन अध्यापन यांची सांगड त्या एकाच व्यक्तीला घालावी लागली.

हाच प्रकल्प पेरू देशात विशाल प्रमाणावर राबविला गेला. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकांची संख्या व वापर वाढूनही गणित व भाषा या विषयांतील संपादणुकीवर परिणाम आढळला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत काही सुधारणा दिसली. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. मात्र यंत्राचे वाटप हे अध्यापन नव्हे, आणि शिक्षकाच्या हाती यंत्राशी जोडलेला पाठ नसेल तर विषयज्ञान आपोआप वाढत नाही, एवढे स्पष्ट होते.

३. घरातील मोबाइल व शाळेतील संगणक

या परिसरातील मुलाच्या घरची स्थिती विचारात घेणे आवश्यक आहे. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संगणकासाठी स्वतंत्र मेज ठेवणे दुरापास्त असते; म्हणून घरातील संगणक म्हणजे मोबाइलच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांत तो एकच होता आणि तोही कमावत्या व्यक्तीबरोबर कामावर जाई.

त्यानंतर मोबाइल मुलांच्या हाती अधिक आला, पण तो प्रामुख्याने पाहण्याचे साधन म्हणून. 'असर' २०२४ या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात शैक्षणिक कामासाठी तो वापरणारे सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. सर्वेक्षण ग्रामीण असले, तरी कल सूचक आहे. बोट सरकवून पाहणे मुलाला शिकवावे लागत नाही. दोन्ही हातांनी लिहिणे, लिहिलेले जपणे, शोधणे, दुरुस्त करणे हे शिकवावे लागते. लहान घरातील मुलाला त्यासाठी शाळेचा संगणक कक्ष हीच बहुधा एकमेव जागा असते.

या कक्षात मुलाला प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, याचा हिशेब उद्बोधक ठरेल. वर्गात ४० मुले, कक्षात चालू स्थितीतील १० संगणक आणि आठवड्यास ३५ मिनिटांची एक तासिका असे गृहीत धरू. एका संगणकामागे चार मुले येतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम पावणेनऊ मिनिटे येतात. वर्षात अशा ३० तासिका झाल्या, तर एका मुलाचा कळफलकावरील वार्षिक काळ सुमारे चार तास बावीस मिनिटे भरतो. ही मिनिटे 'माउसचे भाग सांगा' यात घालविणे परवडणारे नाही. जे यंत्राविना शिकविता येते ते वर्गात शिकवावे आणि यंत्रापुढील वेळ केवळ यंत्रावरच होऊ शकणाऱ्या कामासाठी राखावा, हा यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

४. यंत्राविना संगणकीय विचार

संगणकीय विचारपद्धती म्हणजे मोठ्या कामाचे लहान भागांत विभाजन करणे, त्यांचा क्रम लावणे, पुनरावृत्ती ओळखणे, अटीनुसार निर्णय घेणे आणि चूक शोधून दुरुस्त करणे. जीन पियाजे यांच्या मते सुमारे सात ते अकरा वयाचे मूल मूर्त वस्तू व अनुभव यांच्या आधारे तर्क करते. पियाजे यांच्यासमवेत जिनिव्हा येथे काम केलेले सेमूर पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह 'लोगो' ही बालसुलभ संगणकभाषा निर्माण केली, तिच्यामागे हीच दृष्टी होती. मूर्त अनुभवांची या परिसरात वाण नाही.

लोकल गाडीचा प्रवास हे त्याचे उत्तम उदाहरण होय. चर्नी रोडहून करी रोडला जाण्याची सूचना मुलांनी लिहावयाची आहे. 'दादरच्या दिशेने जाणाऱ्या धीम्या गाडीत बसा. दादर येईपर्यंत प्रत्येक स्थानकावर बसून राहा. दादर आले की उतरा. मध्य रेल्वेच्या फलाटावर जा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी गाडी धीमी असेल तर बसा, जलद असेल तर थांबा. परळनंतर येणाऱ्या स्थानकावर उतरा.' यात 'येईपर्यंत' ही पुनरावृत्ती आहे आणि 'असेल तर' ही अट आहे. एका मुलाने सूचना वाचावी व दुसऱ्याने अक्षरशः तेवढीच कृती करावी. 'फलाटावर जा' हे वाक्य राहून गेले, तर प्रवासी पश्चिम रेल्वेच्या फलाटावरच खोळंबतो. चूक सूचनेत आहे, पाळणाऱ्यात नाही, हे मुलांना तत्काळ उमगते. कृतिक्रम, म्हणजेच अल्गोरिदम, याहून वेगळा नसतो.

डबेवाल्यांच्या डब्यावरील रंग, अक्षरे व अंक हे माहितीच्या सांकेतिकीकरणाचे उदाहरण आहे. डबा कोठून आला, कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत व मजल्यावर न्यावयाचा, हे मोजक्या खुणांत सांगितलेले असते. मुलांनी आपल्या शाळेतील वर्ग, रांग व बाक यांसाठी असाच संकेत तयार करावा. ठिपक्यांची रांगोळी पुनरावृत्तीचा पाठ देते. चौरसासाठी 'पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळा' ही जोडी चार वेळा करावयाची, हे जमिनीवर चालून शिकलेले मूल पुढे पडद्यावर तेच सहज करते.

या दिशेने तयार सामग्रीही उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. श्रीधर अय्यर यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या पाठ्यपुस्तकमालेत उपयोजनांपेक्षा विचारकौशल्यांना अग्रस्थान आहे. एसीएम इंडियाच्या २०१६ पासूनच्या 'सीएसपाठशाला' उपक्रमाने यंत्राविना करावयाचे पाठ पुरविले. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली 'बेब्रास' ही कोड्यांची स्पर्धा त्याच्याच द्वारे भारतीय मुलांपर्यंत आली.

५. मराठी कळफलक : बाराखडीचे दुसरे रूप

यंत्रापुढील मोजक्या मिनिटांत काय करावे? त्याचे पहिले उत्तर मराठी लेखन हे आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये तयार झालेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाला आणि आज बहुतेक संगणकांत तो मूळचाच असतो. त्याची रचना वर्णमालेवर आधारित असल्याने प्राथमिक वर्गास ती विशेष अनुकूल आहे.

कळफलकाच्या डाव्या बाजूस मुख्यतः स्वर व स्वरचिन्हे, तर उजव्या बाजूस मुख्यतः व्यंजने असतात. एकाच कळीवर अल्पप्राण व महाप्राण यांची जोडी असते : क व ख, ग व घ, त व थ, द व ध, प व फ. साधी कळ दाबल्यास 'क', शिफ्टसह दाबल्यास 'ख'. वर्णमालेतील ध्वनिसंबंध येथे बोटांना जाणवतो. 'दादर' लिहिताना द, काना, द, र अशा चारच कळा लागतात.

यातील सर्वांत उद्बोधक बाब ऱ्हस्व वेलांटीची आहे. कागदावर 'गि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. कळफलकावर मात्र आधी 'ग' व नंतर वेलांटी. 'ग ला पहिली वेलांटी गि' ही बाराखडीची घोकणी तंतोतंत हाच क्रम सांगते. 'गिरगाव' हा शब्द लिहिणाऱ्या मुलाला, संगणक अक्षर दिसते तसे नव्हे तर उच्चारले जाते त्या क्रमाने साठवितो, ही युनिकोडची मूलकल्पना नाव न घेता कळते. जोडाक्षरही असेच : स, हलन्त, त मिळून 'स्त'.

रोमन लिपीतून मराठी उमटविणारी आणि बोललेले लिहून घेणारी साधने आज सुलभ आहेत. मग हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप येऊ शकतो. प्रौढांसाठी ती साधने सोयीची आहेतच. परंतु ज्या वयात अक्षर व ध्वनी यांचे नाते घडत असते, त्या वयात 'घर' लिहिण्यासाठी आधी रोमन स्पेलिंग रचणे म्हणजे मराठी लिहिण्यापूर्वी इंग्रजीचा उंबरठा ओलांडणे होय. इन्स्क्रिप्ट हा उंबरठा काढून टाकतो आणि संगणक आपल्याही भाषेत चालतो, हा विश्वास मुलाला व पालकाला देतो.

६. निर्मिती व सुरक्षितता

अक्षर हाती आल्यावर निर्मितीकडे वळावे. २०१४ मध्ये आलेली 'स्क्रॅच ज्युनिअर' ही चित्रठोकळ्यांची प्रणाली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी असून वाचनावर अवलंबून नाही. २००७ मधील 'स्क्रॅच' ही त्यापुढील पायरी. आपल्या गल्लीच्या गणेशोत्सवाची चारपानी पुस्तिका, आजोबांकडून ऐकलेल्या गिरणीच्या आठवणी, वर्गाचे भित्तिपत्रक असे विषय घेतल्यास भाषा, परिसर अभ्यास व संगणक हे एकत्र येतात.

सुरक्षिततेचे पाठ भीती न घालता द्यावेत. परवलीचा शब्द कोणास सांगू नये, छायाचित्र मोठ्यांना विचारल्याविना पाठवू नये, खटकणारे काही दिसल्यास शिक्षकांना सांगावे, हे तीन नियम प्रारंभी पुरेसे आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. शाळेने कोणतेही उपयोजन स्वीकारताना याचे भान ठेवावे.

७. महाविद्यालयांची भूमिका

प्राथमिक शिक्षकाकडे सर्व विषय असतात. संगणकाचा स्वतंत्र शिक्षक सर्वत्र मिळत नाही. याउलट विल्सन, कीर्ती, महर्षी दयानंद यांसारखी महाविद्यालये याच परिसरात आहेत. महाराष्ट्रात २०२३ पासून लागू होत गेलेल्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प व समाज-सहभाग कार्यक्रम यांना श्रेयांक आहेत. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या शाळेतील बंद पडलेले संगणक दुरुस्त करणे व मराठी कळफलक कार्यान्वित करणे, मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी टंकलेखनाचे पाठ लिहिणे, गणित विभागाने यंत्राविना कृती सुचविणे असे आंतरविद्याशाखीय काम यातून सहज उभे राहते. मात्र वर्ग प्राथमिक शिक्षकानेच घ्यावा व महाविद्यालयीन विद्यार्थ्याने साहाय्य करावे. सत्र संपले की विद्यार्थी निघून जातो. शिक्षक शाळेतच राहतो.

समारोप :

वर्षाचे चार-साडेचार तास हा तुटपुंजा काळ आहे, परंतु तो जपून वापरल्यास पुरेसा फलदायी होऊ शकतो. क्रम, अट व पुनरावृत्ती वर्गात शिकलेले, बाराखडीच्या आधाराने टंकलेखन करणारे आणि स्वतःचे एखादे पान घडविणारे मूल पुढे कोणत्याही यंत्रापुढे बसले तरी बिचकणार नाही. मोठ्या घरातील मुलाला ही संधी घरीही मिळते. चाळीतील मुलाला ती शाळेनेच द्यावी लागते. म्हणून संगणकाच्या तासिकेतील प्रत्येक मिनिटाचे नियोजन हा शैक्षणिक समतेचा प्रश्न ठरतो, आणि तो सोडविण्याची सामग्री याच परिसरात उपलब्ध आहे.