सरकता डोंगर आणि खांब

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. तसला चिखलाचा लोंढा खांबांनी थांबत नाही. हळूहळू सरकणाऱ्या उताराला मात्र ते आवरतात.

असे पाहा : पाणी मुरले की मातीची पकड सुटते व वरचा थर खालच्या कातळावरून घसरू लागतो. म्हणून यंत्राने खोल भोके पाडून त्यांत सळ्यांचा सांगाडा सोडतात आणि काँक्रीट भरतात. खांबाचा पाय घसरणीच्या पातळीखाली, पक्क्या कातळात रुतलाच पाहिजे. नाहीतर खांबही मातीबरोबर चालू लागतो! ती पातळी वरून दिसत नाही. तपासणीची भोके आधी हवीत, आणि काटकसर नेमकी तेथेच होते. पाण्याला वाट हवीच.

भोके पाडणारा मजूर त्याच उतारावर उभा असतो. भर पावसात त्याला तेथे चढवू नये, ही अट करारातच लिहिलेली असावी.