पेढी, भिंग आणि कागद

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या माणसाने गेल्या अर्धशतकात काय विकत घेतले, कोठून घेतले आणि काढलेली चित्रे कोणाच्या हाती छापावयास दिली, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे प्रथम यंत्रांची नावेच आठवतात. परंतु थोडे खोल पाहिल्यास ध्यानात येते की या काळात यंत्रे जितकी पालटली त्याहून अधिक पालट विक्रेता आणि मुद्रक यांच्या परस्परसंबंधात झाला. एके काळी ज्या पेढीवर कॅमेरा मिळे त्याच पेढीवर फिल्म मिळे, पेढीच्या मागील अंधाऱ्या खोलीत ती धुतली जाई आणि तिची ब्रोमाइडेही तेथेच निघत. त्यामुळे कोणत्या गिऱ्हाइकाचा हात हलतो, कोणाची निगेटिव्ह सदैव पातळ येते, कोणाला माणसांच्या चेहऱ्यांत रस आहे आणि कोणाला देवळांच्या शिखरांत, हे पेढीवाल्यास न विचारता ठाऊक असे, आणि नवी लेन्स मागावयास आलेल्या गिऱ्हाइकाला तो जो सल्ला देई तो या माहितीच्या आधाराने देई. पुढे ही दोन कामे विभक्त झाली. कॅमेरा विकणारा चित्र पाहीनासा झाला, चित्र छापणाऱ्याला कॅमेऱ्याशी कर्तव्य उरले नाही, आणि या फारकतीची जबर किंमत आम्हा हौशी मंडळींना मोजावी लागली.

सत्तरच्या दशकात निवड करण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. आयातीवर कडक निर्बंध, जकात भारी, आणि देशात तयार होणारा सर्वांच्या परिचयाचा कॅमेरा म्हणजे बडोद्याच्या कारखान्यातला आग्फा क्लिक थ्री, ज्यात 120 चा रोल भरून 12 चौकोनी चित्रे निघत. स्टुडिओवाल्यांकडे याशिकाचे दुहेरी भिंगाचे कॅमेरे असत. हौशी मनुष्याची मजल फार तर रशियन झेनिटपर्यंत जाई, आणि त्यापुढचे काही हवे असल्यास आखातात किंवा विलायतेत नोकरीस असलेल्या आप्ताच्या परतीची वाट पाहणे अथवा मुंबईच्या फोर्टात डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग, बोराबाजार आणि तेथून पुढे चोरबाजारातील मटण स्ट्रीट येथे फेऱ्या घालणे, एवढेच मार्ग मोकळे होते. या फेऱ्यांत जे शिक्षण मिळाले ते मात्र पुढे जन्मभर पुरले. जुना नग हाती आला म्हणजे तो तपासण्याची एक ठरलेली रीत होती: पाठ उघडून, छिद्र पूर्ण मोकळे ठेवून, शटर एका सेकंदावर लावावे आणि त्याची घरघर अखंड आणि समगतीने चालते की मध्येच अडखळते हे कान देऊन ऐकावे, मग ते सर्वांत जलद गतीवर आणून उजेडाकडे तोंड करून दाबावे आणि चौकट कडेपर्यंत उजळते की एक बाजू काळी राहते हे पाहावे, शेवटी लेन्स सुटी काढून एका टोकाकडून बारीक विजेरीचा झोत तिरपा सोडावा आणि दुसऱ्या टोकाकडून डोळा लावावा. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेच्या कडेपासून मध्याकडे पसरलेले दिसत, आणि मग पेढीवाल्याने कितीही दर उतरवला तरी तो नग खाली ठेवावा हेच श्रेयस्कर असे.

ही बुरशी कोकणपट्टीतल्या छायाचित्रकाराचा खरा वैरी होय, आणि तिच्याविषयी येथे चार शब्द अधिक लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत. कॅमेऱ्याबरोबर येणारे चामड्याचे देखणे आवरण हेच तिचे माहेरघर. चामडे दमटपणा शोषून धरते, आणि मृगापासून हस्तापर्यंत कपाटात बंद राहिलेली लेन्स दिवाळीत बाहेर काढली म्हणजे भिंगावरील लेपाला कायमचे ओरखडे पडलेले असतात. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या पुड्यांचा रंग पालटला की तव्यावर भाजून पुन्हा कोरड्या करणे, हा उपचार अनेक वर्षे चालला. पुढे विजेवर चालणारी, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखणारी कपाटे मिळू लागली. माझ्या मते मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे राहणाऱ्या हौशी माणसाने दुसरी लेन्स घेण्यापूर्वी हे कपाट घ्यावे. परंतु ही गोष्ट आपण होऊन सांगणारा विक्रेता आजवर क्वचितच भेटला, आणि जो भेटला त्याच्याकडेच मी पुन्हा गेलो.

त्या काळी फिल्मचीही टंचाईच होती. पूर्व जर्मनीतील ओर्वो, आणि 1960 साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू हा माल, यांवर आमच्या पिढीचे कृष्णधवल शिक्षण झाले. 100 फुटांचा डबा चौघांनी वर्गणी काढून घ्यावा, काळ्या पिशवीत हात घालून तो रिकाम्या नळकांड्यांत भरावा, म्हणजे 36 चित्रांचे साधारण 18 रोल होत. छपाई न्हाणीघरात. डी-76 मध्ये फिल्म धुवावी, तांबड्या दिव्याखाली ब्रोविरा किंवा इंदूचा कागद तबकात बुडवावा, हायपोतून काढून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि चकाकी हवी असेल तर ओला प्रिंट क्रोमच्या गुळगुळीत पत्र्यावर रुळाने दाबून वाळू द्यावा, असा हा विधी. 1937 साली मुंबईत स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि 1953 सालची फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी यांच्या आश्रयाने जी स्पर्धा-प्रदर्शने होत, त्यांसाठी 15 इंच बाय 12 इंचांचा प्रिंट करावा लागे. आणि एवढ्या आकारमानावर निगेटिव्हमधील प्रत्येक दोष उघडा पडत असल्यामुळे आपल्या लेन्सची खरी पात्रता आम्हाला जाहिरातींतून न कळता त्या तबकात कळत असे.

ऐंशीच्या दशकात वातावरण पालटू लागले. हॉट शॉट आणि याशिका एमएफ-2 या सोप्या कॅमेऱ्यांनी घराघरात प्रवेश केला, रंगीत फिल्म सर्वसाधारण झाली, आणि दशकाच्या उत्तरार्धापासून रंगीत छपाईची स्वयंचलित यंत्रे प्रथम मोठ्या शहरांत आणि मग तालुक्याच्या गावीही दिसू लागली. तासाभरात प्रिंट हाती येण्याचे ते नवल मी कमी लेखत नाही. सामान्य कुटुंबाची लग्नकार्ये आणि बारशी या यंत्रांमुळे रंगांत जतन झाली. तथापि यंत्राला सरासरीचा सोस असे. मावळतीचा केशरी प्रकाश त्याला दोष वाटे आणि तो निस्तरून ते आकाश राखाडी करी. काळ्या सभागृहातील एकट्या गायकाचा चेहरा ते पांढरा करून टाकी. यावर तोडगा काढताना आम्हाला प्रिंटची पाठ वाचण्याची सवय लागली. तेथे फिकट अक्षरांत यंत्रचालकाने केलेल्या फेरफारांची नोंद उमटलेली असे: लागोपाठ चार ‘एन’ म्हणजे रंगांत आणि घनतेत काहीही बदल केलेला नाही, आणि त्यांच्या जागी आकडे असतील तर त्या त्या रंगात हात घातलेला आहे. एका प्रयोगशाळेत ‘करेक्शन करू नये’ असे पाकिटावर ठळक लिहून दिले असतानाही पाठीवर आकडे आले. विचारणा केली तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी प्रिंट उलटूनही पाहिला नाही. दुसरीकडे चालकच बाहेर येऊन निगेटिव्ह उजेडावर धरून बोलू लागला. त्या दिवसापासून कोणतीही प्रयोगशाळा जोखताना मी प्रथम हेच पाहतो की चित्र प्रत्यक्ष छापणाऱ्या माणसाशी गिऱ्हाइकाला बोलता येते की नाही.

कॅमेऱ्याच्या निवडीत त्याच सुमारास एक मोठा धडा मिळाला. निकॉनने 1959 साली एफ कॅमेऱ्याबरोबर लेन्सची जी बैठक ठरवली ती पुढे अनेक दुरुस्त्या करीत का होईना, पण मूळ स्वरूपात टिकवली. कॅननने 1987 साली आपली एफडी बैठक मोडीत काढून सर्वस्वी नवी ईएफ बैठक आणली. तांत्रिक दृष्ट्या कॅननचा निर्णय दूरदर्शीपणाचा होता, हे त्यानंतरच्या काळाने सिद्ध केले. परंतु पै पै साठवून एफडी लेन्सांचा संग्रह केलेल्या हौशी माणसाला तो निर्णय वज्राघातासारखा वाटला, आणि कॅमेरा घेताना आपण एक वस्तू घेत नसून एका घराण्याशी दीर्घ मुदतीचा करार करीत आहोत, ही जाणीव तेव्हापासून रुजली. पुढे काय घडेल याचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता. कोनिका मिनोल्टाने 2006 साली कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला आणि तिचा वारसा सोनीकडे गेला. आणि 2008 नंतर आरसा नसलेले कॅमेरे आले तेव्हा त्यांची बैठक संवेदकाच्या अगदी जवळ असल्यामुळे एक साधी धातूची कडी मध्ये घालून त्याच टाकाऊ ठरलेल्या एफडी लेन्सा पुन्हा वापरता येऊ लागल्या. चोरबाजारात त्यांचे भाव चढलेले पाहून ज्यांनी त्या विकल्या नव्हत्या त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

डिजिटल पर्व सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले ते 2003 सालच्या कॅनन 300डी आणि 2004 सालच्या निकॉन डी70 यांच्यामुळे. दोन्ही साधारण 60 लाख बिंदूंचे. मग आकड्यांची शर्यत सुरू झाली, आणि पेढीवर चित्राविषयी बोलणे थांबून आकड्यांविषयी बोलणे सुरू झाले. वास्तविक हिशेब साधा आहे. इंचाला 300 बिंदू धरले तर 8 बाय 12 इंचांच्या प्रिंटला सुमारे 86 लाख बिंदू लागतात, 12 बाय 18 इंचांना सुमारे 1 कोटी 94 लाख; आणि भिंतीवरचे मोठे चित्र चार पावलांवरून पाहावयाचे असल्यामुळे इंचाला 200 देखील पुष्कळ होतात. म्हणून मी असे सुचवत आलो की खरेदीचा विचार उलट्या दिशेने करावा: आधी चित्र कोठे आणि किती मोठे लावावयाचे ते ठरवावे, मग कागद आणि मुद्रक निवडावा, मग लेन्स, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. चित्र छापावयाचेच नसेल, केवळ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहावयाचे असेल, तर आपण खर्च कशासाठी करीत आहोत याचा एकदा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

विक्रेत्यांच्या संदर्भात बिलाचा मामला फार वर्षे गाजला. एकाच नगाचे दोन दर सांगितले जात, पक्क्या पावतीसह एक आणि पावतीवाचून दुसरा, आणि या दोहोंतील अंतर मोहात पाडण्याइतके असे. परंतु बिनपावतीच्या मालाची हमी केवळ दुकानदाराच्या शब्दावर, आणि पुष्कळ कंपन्यांची अधिकृत दुरुस्तीकेंद्रे असा नग हाती घेण्यास नकार देत. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यांवर तो 28 टक्के होता. 1 जानेवारी 2019 पासून तो 18 टक्के झाला आणि हे अंतर काहीसे कमी झाले. घरबसल्या मागवण्याची सोय झाल्यावर दरांची घासाघीस संपली. तिच्याबरोबर लेन्स हाती घेऊन कडा फिरवून पाहण्याची संधीही संपली, आणि ही हानी मला दरातील बचतीपेक्षा मोठी वाटते; कारण एकाच नमुन्याच्या दोन लेन्सांत एकीचा डावा कोपरा मऊ निघणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे, आणि परत पाठवण्याची मुदत संपण्यापूर्वी विटांच्या भिंतीचे चित्र सर्व छिद्रमानांवर काढून तपासणे हे आता गिऱ्हाइकाचेच काम झाले आहे.

मुद्रणात मात्र या शतकाने हौशी माणसाला जे दिले ते त्याला पूर्वी कधीही लाभले नव्हते. रंगद्रव्याच्या शाईने, कापसाच्या कागदावर काढलेला प्रिंट जुन्या रंगीत प्रिंटांपेक्षा कितीतरी अधिक काळ न विटता राहतो. 1584 पासून कागद बनवणाऱ्या जर्मनीतील हानेम्यूले गिरणीचा, चौरस मीटरला 308 ग्रॅम भरणारा, बोटांना सुती वाटणारा कागद आता मुंबई-पुण्यातील छोट्या मुद्रणालयांतही मिळतो. काळ्या छटा या खरखरीत कागदावर तितक्या गडद उतरत नाहीत, हे खरे. मुसळधार पावसातील घाटाचे धुके त्यावर जसे उतरते तसे चकचकीत कागदावर उतरत नाही, हेही तितकेच खरे. कागद अतिशुभ्र दिसत असेल तर त्यात प्रकाशवर्धक द्रव्य आहे काय हे विचारावे, कारण कालांतराने ते निष्प्रभ होऊन शुभ्रता पिवळसरपणाकडे झुकते. आपल्या यंत्राचा आणि कागदाचा रंगतक्ता मागताच देणारा, मोठा प्रिंट काढण्यापूर्वी चित्रातील चेहऱ्याची आणि सर्वांत काळ्या भागाची चार बोटे रुंद पट्टी छापून दाखवणारा मुद्रक भेटला म्हणजे दोन पैसे अधिक देण्यास मी कधी कुरकुर केलेली नाही. अशाच एका मुद्रकाने, नव्या कॅमेऱ्याच्या विचारात असलेल्या माझ्या एका स्नेह्याचे प्रिंट ओळीने मांडून दाखवून दिले की त्यांतील धूसरता लेन्सची नसून तीसांश सेकंदावर हललेल्या हाताची आहे, आणि तो स्नेही कॅमेऱ्याऐवजी एक मजबूत तिवई घेऊन घरी गेला.

चौकट करणाऱ्या कारागिराकडे अजून कोणी पुरेसे लक्ष देत नाही. आपल्या हवेत प्रिंट काचेला टेकला की दोन पावसाळ्यांत चिकटतो आणि मग सोडवताना रंगाचा थर काचेवरच राहतो. तेव्हा काच आणि कागद यांमध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची, निदान दोन मिलिमीटर जाडीची खिडकी हवी आणि मागील बाजू चिकटपट्टीने बंद करताना लाकडाचा भुसाही आत राहता कामा नये. या पुठ्ठ्याची मागणी केली की बहुतेक दुकानांत नेहमीचा करडा पुठ्ठाच पुढे येतो. मी माझा पुठ्ठा मुद्रकाकडूनच कापून घेऊन जातो आणि चौकट होईपर्यंत शेजारी उभा राहतो.